टरफलांची राख

आमचं बोअरचं पाणी दिसायला निवळशंख, पण त्यात शिसं. माळावर जुन्या बॅटऱ्या वितळवायची भट्टी बसली अन् दोन सालात पाणी नासलं. भट्टीवाल्याचं वाटोळं होवो.

माझी लेक उज्वला पोटुशी राहून माहेरी आलती. पहिलं लेकरू सातव्या महिन्यात पोटातच गेलेलं. त्यामुळं ह्या खेपेला मी तिला तळहातावरच्या फोडासारखं जपून राहिले होते.

दिराची पोरगी आरती नांदेडला केमिस्ट्री शिकती. तिनं पिंपात खाली वाळू अन् वर भुईमुगाची टरफलं भरली. म्हणली, "काकू, शिसं टरफलाला चिकटतं, खालून चांगलं पाणी येतं."

"अगं बाई, उकिरड्यावरच्या टरफलानं इख उतरतंय व्हय?" मी हसले. पण तिनं पाणी तपासून आणलं, अन् खरंच चांगलं निघालं. उज्वला तेच पिऊ लागली. दर पंधरा दिवसाला मी टरफलं बदलायची.

जुनी टरफलं मी उन्हात वाळवून चुलीत घालायची. जळण फेकायचं म्हंजे माझ्या जिवावर येतं.

तेवढ्यात उज्वलाला राखेचे डोहाळे लागले. मलाबी तिच्या वेळी लागले होते. सासूनं चिमटी चिमटी दिली, अन् पोरगी धडधाकट निघाली. डोहाळे मारू न्हाईत. मी चुलीतली राख वस्त्रगाळ करून वाटीत द्यायची. लेक बोट बुडवून चाटायची, अन् मला लई बरं वाटायचं.

दीड महिन्यानं आरती आली. "काकू, वापरलेली टरफलं कुठं हायेत? न्यायला आले."

"जाळली की."

"अन् राख?"

मी हसत उज्वलाकडं बोट केलं. "ती काय, तुझी ताई खाऊन राहिली."

आरतीनं तिच्या हातातली वाटी ओढून घेतली. "काकू, शिसं जळत न्हाई. सगळं राखेत उरतं."

"मग तवाच सांगाया तुझ्या तोंडाला काय झालतं?" मी खेकसले. पण तिनं सांगितलं होतं. टरफलं पोत्यात भरून ठिवा, कशालाच वापरू नका, म्हणली होती. मी भाकरी थापत नुसतं "हाव, हाव" केलतं.

तसंच जीप करून नांदेड गाठलं. रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणल्या, "बाळाचे ठोके चालू आहेत. पण आईच्या रक्तात शिसं फार आहे. बाळापर्यंत किती गेलं अन् त्यानं काय केलं, ते जन्मल्याशिवाय कळायचं नाही."

परतताना मी जीपमधी तिला सांगून टाकलं, "उजे, मी घातलं गं तुला इख. माझ्या हातानं."

तिनं माझा हात धरला. म्हणली, "माय, रडू नको. माझ्यासाठीच केलंस तू."

तिनं शिव्या घातल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. आता ती रोज हाक मारती, "माय, लाथ मारतंय बघ, हात लाव." अन् माझा हात काय तिच्या पोटाकडं उचलत न्हाई.