जास्तीची एक हजेरी

शिंप्याच्या दुकानात तिसरं माणूस आलं की एकाला उठावं लागतं. माजी सैनिकांवरच्या सदरासाठी मी गेलो, तेव्हा तो पडद्याची किनार दुमडत होता.

"ह्यांच्या तोंडून शब्द काढायला चिमटा लागतो," त्याची बायको उठत म्हणाली.

"मोठं काही केलं नाही," तो म्हणाला. "गणवेश शिवले, बटणं लावली. आघाडीवर एकदाच गेलो."

तिथे त्याच्या शेजारी झोपणाऱ्या जवानाला सगळे 'मागाहून' म्हणत. काहीही सांगा, त्याचं उत्तर ठरलेलं: "व्हा पुढे, मागाहून येतो." एका संध्याकाळी तो ओढ्यावर पाणी आणायला गेला. फक्त शिंप्याला सांगून. थोड्या वेळाने तिकडे तोफगोळे पडले. गोळे रोजच पडत. हजेरीत त्याचं नाव पुकारलं, तेव्हा नेहमीसारखा रेंगाळला असेल म्हणून शिंपी आवाज बदलून म्हणाला, "हजर."

सकाळी ओढ्याकाठी शिंप्याला गणवेशाची एक बाही सापडली. तिच्यावरचं बटण त्यानेच हिरवा दोरा संपला म्हणून काळ्याने लावलं होतं.

कागदावर मात्र तो जवान संध्याकाळी हजर होता आणि सकाळी नव्हता. शेरा पडला : फरार.

"बाही दाखवली नाहीत?"

"खोटी हजेरी दिली होती. घाबरलो. पुरून टाकली."

"किती वर्षं झाली?"

"एकतीस."

जवानाची बहीण मागच्या गल्लीत राहते. तिचा पत्ता काढूनच शिंप्याने इथे दुकान थाटलं. लोक अजून तिला पळपुट्याची बहीण म्हणतात. पडदा तिचाच होता.

"तो पळाला नव्हता, एवढं छापा. 'हजर' मी म्हटलं, तेही."

"उद्याच्या अंकात येईल. बहिणीला आधी तुम्ही सांगा."

दारात उभी राहिलेली बायको हळूच म्हणाली, "दादा म्हणते हो ती तुम्हाला."

राहिलेली वीतभर किनार त्याने शिवली, दोरा तोडला, घडी घातली.

साडेपाचला बहीण आली. "झाला का पडदा, दादा?"

"झाला. बसा, ताई. जरा बोलायचंय."

तिने आत पाहिलं. मी बसलेलो. "गर्दी आहे तुमच्याकडे. व्हा तुम्ही मोकळे, मागाहून येते."

मी उठलो.

"नाही," शिंपी म्हणाला. "आत्ताच बसा."