उताऱ्यात न आलेली बाई

रविवारसाठी काढलेली नारायणपेठी लीलाबाईंनी पडवीतल्या दांडीवर वाऱ्याला टाकली होती. तिच्या घड्या हाताने मोडत त्या उभ्या होत्या, तेवढ्यात चारुता उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आली. चारुता गावच्या हायस्कुलात मराठी शिकवायची. लीलाबाईंचीच जुनी विद्यार्थिनी, नोकरीला लागून दोन वर्षं झालेली, आणि कुठे अडलं की बाईंकडे धाव घेणारी. बाईंनाही ते आवडायचं. निवृत्त होऊन तेरा वर्षं लोटल्यावरही आपल्याला कोणी विचारतं, यासारखं टॉनिक नाही.

रविवारी हायस्कूलला पन्नास वर्षं पुरी होत होती. मंडप, स्मरणिका, मालवणातून येणारे पाहुणे, आणि लीलाबाईंचा ‘शाळेच्या आद्य शिक्षिका’ म्हणून सत्कार. स्मरणिकेतला ‘आमची शाळा’ हा लेखही त्यांनीच लिहिलेला. तो इतका सुबक उतरला होता, की चारुताने त्यातले तीन परिच्छेद उचलून नववीच्या चाचणीला उतारा म्हणून घातले होते.

“बाई, पाचव्या प्रश्नापाशी घोडं अडलंय,” ती बसता बसता म्हणाली.

पाचवा प्रश्न नव्या पद्धतीचा होता. तालुक्याच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, की मुलांना उताऱ्यात काय आहे एवढंच विचारू नका, काय नाही तेही विचारा, म्हणजे मुलं विचार करायला लागतील. म्हणून चारुताने विचारलं होतं: ‘या उताऱ्यात कोणती महत्त्वाची माहिती आलेली नाही? ते तुम्ही कशावरून ओळखले?’ दोन गुण. मुलांनी डोकं लढवलं होतं. आजची पटसंख्या आलेली नाही, मैदान कधी झालं ते नाही. एका कार्ट्याने तर मुतारी कोणत्या साली बांधली तेच आलं नाही, असं लिहून ठेवलं होतं. दोघी हसल्या.

“आणि हा एक पेपर बघा,” चारुता म्हणाली. “सलोनीचा. ह्याला काय देऊ?”

लीलाबाईंनी चष्मा लावला. अक्षर टपोरं होतं. ‘उताऱ्यात म्हटले आहे की शाळा १९७४ साली एका मांगरात अकरा मुलांना घेऊन सुरू झाली. पुढे म्हटले आहे की आद्य शिक्षिका लीलाबाई १९७७ साली आल्या. मग मधली तीन वर्षे मुलांना कोणी शिकवले, ही माहिती आलेली नाही. ती माझी आजी होती.’

पोरीने अगदी नेमकं बोट ठेवलं होतं. चौऱ्याहत्तर आणि सत्त्याहत्तर हे दोन आकडे एकाच परिच्छेदात, चार ओळींच्या अंतराने, लीलाबाईंनी स्वतःच्या हाताने लिहिले होते. दहा जणांनी मुद्रितं तपासली होती, कोणालाही मधलं भगदाड दिसलं नव्हतं. की दिसलं होतं आणि सगळे मूग गिळून बसले होते?

“तर्क बरोबर वाटतो,” चारुता चाचरत म्हणाली. “पण हिची आजी म्हणजे शेवंती ना? ती तर शिपाई होती. शाळेची घंटा द्यायची, म्हणतात.”

शेवंती घंटा द्यायची हे खरंच होतं. सव्वीस वर्षं दिली. पण त्याआधी, गावात सातवीपुढे शाळा नव्हती आणि पोरांना होडीने खाडीपलीकडे जावं लागायचं तेव्हा, जुनी अकरावी झालेल्या ह्या शेतकरी घरातल्या सुनेने आपल्या माडाच्या बागेतल्या मांगराच्या खोपटातून नारळ बाहेर काढले, जमीन सारवली आणि आठवीचा वर्ग भरवला. अकरापैकी सात मुली होत्या. त्यांच्या आयांना पटवायला ती भातलावणीच्या दिवसांत घरोघर चिखल तुडवत फिरली होती. तीन वर्षांनी संस्था झाली, मान्यता आली, आणि मान्यतेला बी.एड. झालेली बाई हवी म्हणून कोल्हापुरातून नुकत्याच पदवी घेऊन आलेल्या लीलाबाई नेमल्या गेल्या. शेवंतीला शिपायाची जागा दिली, आणि तिच्यावर उपकार केल्यासारखी दिली. पहिलं वर्षभर लीलाबाई तिला शेवंताबाय म्हणायच्या. मग कधीतरी नुसतं शेवंती म्हणायला लागल्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, आणि हे लीलाबाईंना कोणी सांगायची गरज नव्हती.

लेखाच्या पहिल्या खर्ड्यात शेवंतीचं नाव होतं. संस्थेचे अध्यक्ष भाई यांनी त्यावर बोट आपटलं होतं. “बाई, ह्या कशाक? बिनपरवान्याचो वर्ग होतो तो. पाहुण्यांसमोर आपणच आपली अब्रू काढूची?” आणि वर म्हणाले होते, “तुमीच पयल्या बाई. आद्य शिक्षिका म्हणान घालतंव.” लीलाबाईंनी एकदा तरी हुज्जत घालायला हवी होती. नाही घातली. नाव त्यांनी मुळात पेन्सिलीनेच लिहिलं होतं.

“ही उताऱ्याबाहेरची माहिती आहे,” लीलाबाई चष्मा काढत म्हणाल्या. “शून्य दे.”

“मग सोमवारी या प्रश्नाच्या फेरचाचणीला बसवते तिला,” म्हणत चारुताने लाल पेनाने भलं मोठं शून्य काढलं. बाईंचा शब्द म्हणजे तिला वेदवाक्य.

शनिवारी दुपारी शेवंती स्वतः आली. पंचाहत्तरी उलटलेली, पण ताठ. लीलाबाईंनी खुर्ची पुढे केली तर म्हणाली, “ऱ्हवांदे,” आणि पायरीवरच टेकली. पदराखालून तिने घडी घातलेला पेपर काढला.

“बाई, ह्या पोरीचा काय चुकला, ता माका समजवून सांगा.”

लीलाबाईंची एरवी तिच्याशी मालवणीच चाले. आज तोंडात शाळेची भाषा आली. “उताऱ्यात नाही ते लिहायचं नसतं, शेवंती. परीक्षेचा नियम आहे तसा.”

“पण प्रश्नच तसो आसा. उताऱ्यात काय नाय, असाच इचारल्यानी. नाय ता तिना सांगल्यान.” शेवंतीने बोट ठेवून आकडे दाखवले. “चौऱ्याहत्तर. सत्त्याहत्तर. ह्या माका ठावक आसा म्हणान मी सांगूक नाय तिका. स्मरणिका घराक इली त्या रात्री तिना लेख वाचल्यान आणि तिनाच माका इचारल्यान, आजी, मधे कोण होता? मग मी सांगलंय.”

लीलाबाईंनी पेपर तिच्याकडे परत सरकवला.

“माझा नाव नाय ता मी वाचलंय. त्याचा माका कायएक नाय. मांगर मोडलो, नाव ऱ्हवान काय करूचा? पण पोरीन बरोबर लिवला, तेका शून्य कशाक? तिचे दोन मार्क तिका द्या. माका दुसरा काय नको.”

शाप दिला असता, चार माणसांत तमाशा केला असता, तर लीलाबाईंनी कंबर कसून तोंड दिलं असतं. ही बाई पन्नास वर्षांचा हिशेब सोडून दोन मार्क मागत होती, आणि तेसुद्धा दुसऱ्यासाठी. लीलाबाईंना आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“चारुताक सांगतंय मी,” त्या अखेर मालवणीत म्हणाल्या.

“कधी?”

“सांगतंय म्हटलंय मा.”

शेवंतीने पेपराची घडी घातली आणि ती निघून गेली. लीलाबाईंनी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. मार्क द्यायचे तर कशासाठी ते चारुताला सांगावं लागणार. चारुताला सांगितलं की ते शिक्षकांच्या खोलीत जाणार, तिथून भाईंकडे, आणि उद्याच्या मानपत्रावर तर ‘आद्य शिक्षिका’ ही अक्षरं छापूनही आलेली. दोन दिवसांनी काय बिघडतं? सत्कार होऊ दे, सोमवारी सकाळीच सांगू. पळवाट शोधायची म्हटली की शिकलेल्या माणसाला ती लगेच सापडते.

रविवारी मंडप भरला. लीलाबाई व्यासपीठावर पाहुण्यांच्या शेजारी, समोर वर्गावर्गाने मुलं, आणि बाजूच्या बाकावर जुने शिक्षकेतर कर्मचारी. त्यात शेवंती. नववीच्या रांगेतून सलोनी व्यासपीठाकडे टक लावून बघत होती, म्हणून लीलाबाईंनी नजर मानपत्राच्या चौकटीवर ठेवली.

कार्यक्रम देवाला घालायच्या गाऱ्हाण्याने सुरू व्हायचा होता. गावचा मानकरी, गावकार बाबू दर जूनमध्ये शाळा उघडताना हातात नारळ घेऊन गाऱ्हाणं घालायचा. देवांची, राखणदाराची, शाळेसाठी राबलेल्या माणसांची नावं एकेक करून घ्यायचा, आणि त्यात ‘मांगरात जिना पयलो दिवो लावल्यान त्या शेवंतीचा बरा कर’ ही ओळ ठरलेली असायची. नव्यांना ती दिवाबत्तीचीच वाटे, जुन्यांना तिचा अर्थ ठाऊक होता. लीलाबाईंची सारी भिस्त त्या ओळीवर होती. बाबू नाव घेईल, सगळे ऐकतील, लेखात राहिलं ते तोंडी भरून निघेल. आपल्याला काही बोलावंच लागणार नाही.

बाबू उठला. एका हातात नारळ, आणि दुसऱ्या हातात स्मरणिका. “वय झाला, आता इसरूक होता,” तो ध्वनिक्षेपकावर हसत म्हणाला. “आज लीलाबाईंनी सगळा लिवन दिलेला आसा. आता कोणाचा नाव चुकूचा नाय.” आणि त्याने चष्मा लावला.

“हे देवा म्हाराजा! आज ह्या शाळेक पन्नास वर्सां पुरी झाली...”

“व्हय म्हाराजा!” मंडप गरजला.

“चौऱ्याहत्तर सालात एका मांगरात अकरा पोरांका घेवन ही शाळा सुरू झाली...”

“व्हय म्हाराजा!”

लीलाबाई कान टवकारून बसल्या. बाबूचं बोट छापील ओळीवरून सरकत होतं.

“आद्य शिक्षिका लीलाबाय, तिना ह्या रोपट्याक पाणी घातल्यान, तिका उदंड आयुष्य दी...”

“व्हय म्हाराजा!”

पुढे भाईंचं नाव आलं, देणगीदारांची आली, पान उलटलं. छापलेलं एकही नाव चुकलं नाही. जे पन्नास वर्षं चुकलं नव्हतं, ते लीलाबाईंच्या सुबक लेखाने आज बाबूच्या तोंडून काढून घेतलं होतं. आता उठायचं, “बाबू, थांब, एक नाव ऱ्हवला,” एवढंच म्हणायचं. ध्वनिक्षेपक दोन हातांवर होता. लीलाबाईंनी बाकाकडे पाहिलं. शेवंती हात जोडून, सगळ्यांच्या सुरात, “व्हय म्हाराजा” म्हणत होती. मग लीलाबाईही म्हणाल्या. नंतर शाल आली, नारळ आला, भाषणात त्यांनी ‘वेळेअभावी सर्वांची नावं घेता येत नाहीत’ असंही सांगितलं, आणि टाळ्या पडल्या.

सोमवारी शाळा सुटायच्या आत जायचं असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. पण चप्पल घालतात तोच मधल्या सुट्टीत चारुता दारात.

“बाई, पोरगी हुशार आहे हो. एकदा समजावलं की पुरे होतं.” तिने फेरचाचणीचा पेपर पुढे धरला. “तोच प्रश्न परत घातला. उत्तर मी सांगितलं नाही, तिचं तिनेच लिहिलं.”

अक्षर तेच होतं, टपोरं.

‘या उताऱ्यात सर्व माहिती आलेली आहे. काहीही राहिलेले नाही.’

आणि खाली, कशावरून ओळखले यापुढे: ‘काल गाऱ्हाण्याच्या वेळी सर्वजण व्हय म्हणाले. लीलाबाई म्हणाल्या. माझी आजीपण म्हणाली. त्यावरून.’

लीलाबाईंनी ते दोनदा वाचलं. चौतीस वर्षांत त्यांनी कितीतरी पोरांना काय लिहिलं की मार्क पडतात ते शिकवलं होतं. पण इतक्या लवकर आणि इतकं पक्कं कोणीच शिकलं नव्हतं. पोरगी आता चांगल्या मार्कांनी पास होत जाईल, आणि दोन आकड्यांच्या मध्ये पुन्हा कधी बघणार नाही.

“खालचं जरा उताऱ्याबाहेरचं आहे,” चारुता म्हणाली, “पण मी दिले पैकीच्या पैकी. बरोबर केलं ना, बाई?”

नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. पडवीतल्या टेबलावर शाल आणि मानपत्र अजून तशीच पडलेली होती.

“बरोबर आहे,” लीलाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पेपर चारुताच्या हातात परत दिला.