निगवेकर सोडला

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी शाहूपुरीतल्या पुस्तकभिशीत दरवर्षीचा विषय निघाला, की या चातुर्मासात कोण काय सोडणार. ही भिशी म्हणजे दर महिन्याला सगळ्यांनी मिळून एकीला पुस्तक द्यायचं. पण आषाढ लागला की तिथं पुस्तकांपेक्षा नेमांचीच चर्चा जास्त. वर्षाराणीनं पावभाजी सोडली. बँकेतल्या अंतरानं अंथरुणात मोबाइल बघणं सोडलं, आणि ते नागपंचमीपर्यंत तरी टिकेल का, यावर सगळ्या हसल्या. श्यामलावैनी कोपऱ्यात वाती वळत होत्या. पाळी आली तशी त्यांनी हातातली वात पुरी केली, ताटलीत ठेवली आणि हलक्या आवाजात सांगितलं,

"मी गुरुप्रसाद निगवेकर सोडला."

क्षणभर कुणाला कळेना. मग अशा टाळ्या पडल्या की वाती ताटलीतून उडाल्या.

निगवेकर म्हणजे मोठे कादंबरीकार, आणि तोंडाचे तितकेच फाटके. टीव्हीवर गेले की समोरच्या मुलीला 'तुम्ही काही वाचून आला नाहीत' म्हणायचे. पुस्तकावर सही मागितली तर पेनाला नावं ठेवायचे. मे महिन्यात ते कोल्हापुरात व्याख्यानाला आले, तेव्हा श्यामलावैनी धीर करून उभ्या राहिल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माईक हातात धरला. म्हणाल्या, "तुमच्या कादंबरीचं एक प्रकरण मी रोज दिवा लावून घरात मोठ्यानं वाचते." बाईंनी आपल्या परीनं ही सगळ्यात मोठी दाद दिली होती. निगवेकर म्हणाले, "बाई, ही कादंबरी आहे, पोथी नाही. उपासाला वाचायचंच असेल तर साबुदाण्याच्या पाकिटावरचं वाचा." सभागृह हसलं. वैनींनी माईक परत दिला, पदर सारखा केला आणि खाली बसल्या. त्या दिवसापासून भिशीतल्या सगळ्या जणी निगवेकरांवर दात धरून होत्या. आता वैनींनी देवासमोर सोडायचीच भाषा केल्यावर आपणही त्यांचं पुस्तक हातात धरायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

चातुर्मासात सोडायचं ते आवडीचंच सोडावं लागतं. नावडतं सोडून पुण्य कसलं? वैनींच्या नेमात खरी मेख तीच होती, आणि ती श्रावण लागल्यावर कुरियरनं घरात आली.

वैनींचे सासरे अप्पा जुने गुळाचे अडते. काचबिंदूनं त्यांची नजर गेल्यापासून दुपारी सून वाचायची आणि ते पलंगावर बसून ऐकायचे. निगवेकरांच्या तीन खंडांतल्या कादंबरीचे दोन खंड असे झाले होते. दुसऱ्याच्या शेवटी सरूआत्या भावाचं घर कायमचं सोडून एस्टीत बसते आणि एस्टी सुटते. तिथंच लेखकानं हात झटकले होते. ती फाट्यावर उतरून परत येते की पुढं जाते, हे अप्पांना कळायचं होतं. जेवता जेवता मध्येच विचारायचे, "उतरली असंल का गं ती?" आणि आता नातवानं, अभिरामनं, पुण्याहून तिसरा खंड पाठवला होता.

"आलं बघ," अप्पा मांडीवरचं पुस्तक चाचपत म्हणाले. "बस हितं. काढ पहिलं पान."

"अप्पा, मी ते सोडलंय. चातुर्मासात."

"काय सोडलंस?"

"निगवेकर."

"म्हंजे माणूस सोडलास का पुस्तक?"

हा प्रश्न वैनींना अजून कुणी विचारला नव्हता. स्वतः त्यांनीही नाही.

"दोन्ही एकच की, अप्पा."

"एकच कसं? कोडोलीचा एक गुळव्या हुता, त्याच्या हातचा गूळ आमच्या अडतीला यायचा. गडी शिवी दिल्याबिगर बोलायचा न्हाय. माझ्या लग्नाच्या जेवणात बी त्यानं वाढप्याचा बाप काढला. पण ढेप फोडली की वास गल्लीभर. त्याच्या शिव्या काय गुळात उतरत्यात व्हय?"

"पण अप्पा, ढेपेवर गुळव्याचा फोटो नसतो."

वैनींनी पुस्तक उलटं करून दाखवलं. मागच्या बाजूला निगवेकर हाताची घडी घालून बघत होते, सभागृहात बघत होते अगदी तसे. वैनींनी घाईनं पुस्तक पालथं घातलं.

"मला कुठं दिसतोय त्यो," अप्पा म्हणाले. मग बारीक आवाजात, "मी कार्तिकीपतोर हाय का न्हाय, त्ये बी दिसत न्हाय."

हे शेवटचं लागलं. संध्याकाळी देवापुढं बसून वैनींनी आपला संकल्प पुन्हा आठवून पाहिला. ओंजळीत पाणी घेऊन आपण नेमकं काय म्हणालो? या माणसाचं तोंड बघणार नाही, याचं बोलणं ऐकणार नाही. बस, इतकंच. आता तोंडाचं ठीक आहे, ते झाकता येईल. पण पुस्तक वाचणं म्हणजे त्यांचं बोलणं ऐकणंच नाही का? यावर त्यांची वात निम्मी जळाली. शेवटी त्यांच्या ध्यानात आलं, की कादंबरीत बोलते ती सरूआत्या. तिथं निगवेकर बोलतच नाहीत. ते बोलले असते तर सरूआत्येला त्यांनी पहिल्या खंडातच गप्प बसवलं असतं.

इतकं मन मोकळं झाल्यावर त्यांनी पुस्तकाला कव्हर घालायला घेतलं. रविवारची पुरवणी जमिनीवर पसरली, घडी पाडली, आणि बघतात तर आतल्या पानावर निगवेकरच, चांगले अर्ध्या पानाचे. वर मथळा: 'वाचकांनी मला शिकवू नये.' वैनींनी डोळे मिटून पुरवणी चुरगळली. मग गेल्या वर्षीचं जाड कागदाचं कॅलेंडर काढलं. त्यावर अंबाबाईचं सालंकृत चित्र होतं. देवीला मागं ठेवणं बरं दिसेना, म्हणून ती पुढं घेतली, आणि निगवेकरांचा फोटो तारखांखाली गाडला गेला.

दुसऱ्या दिवसापासून वाचन सुरू झालं. पाय धुवायचे, समई लावायची, पुस्तकाला नमस्कार करायचा आणि एक प्रकरण वाचायचं. निगवेकर पहिल्या खंडापासून असेच वाचले गेले होते. बदल काय तो कव्हराचा.

एका शनिवारी वर्षाराणी आणि अंतरा डबा परत द्यायला जिना चढून वर आल्या. दार उघडंच होतं. आत समई तेवत होती, वैनींच्या हातात अंबाबाई होती आणि संथ लयीत वाचन चाललं होतं. दोघींनी चपला बाहेर काढल्या. वर्षाराणीनं डोक्यावरून पदर घेतला, अंतरानं ओढणी घेतली, आणि आवाज न करता दोघी भिंतीकडेला बसल्या.

वैनी वाचत होत्या. एस्टी फाट्यावर थांबली होती. सरूआत्या गाठोडं उचलून दारापर्यंत आली होती.

"आता कंडक्टरच्या रूपानं देवी येणार बघ," वर्षाराणी कुजबुजली.

"पोथीत एस्टी असते?"

"नवी असंल. गप ऐक."

कंडक्टरची देवी झाली नाही. तो म्हणाला, बाई, उतरायचं तर उतरा, न्हाय तर दार लावा. खाली रस्त्यात तिचा भाऊ उभा होता. पळत येताना त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि ती चप्पल त्यानं हातात धरली होती. तो हाक मारत नव्हता. वर्षाराणीनं पदरानं नाक पुसलं. पान उलटताना वैनींची नजर वर गेली आणि त्या थांबल्या.

वर्षाराणी पुढं सरकली. अंबाड्यातलं जास्वंदीचं फूल काढून तिनं अंबाबाईवर वाहिलं, हात जोडले. "कुठली पोथी म्हणायची ही, वैनी? लिहिणारा कुणीतरी संत असणार."

"लई मोठा संत," पलंगावरून अप्पा म्हणाले.

वैनींनी त्यांच्याकडं बघितलं. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण समोर समई जळत होती.

"निगवेकरांची कादंबरी आहे," त्या म्हणाल्या.

अंतरानं ओढणी तोंडात कोंबली. वर्षाराणीचा पदर डोक्यावरून खाली आला.

"म्हंजे भर सभेत त्यो तुम्हाला तसं बोलला म्हणून आम्ही त्याची पुस्तकं बंद केली. मी तर घरातली दोन रद्दीत घातली. आणि तुम्ही हितं समई लावून?"

"मी माणूस सोडलाय, वर्षाराणी. पुस्तकाचं मी म्हणाले नव्हते. तुम्ही तसं धरून चाललात आणि मी गप्प राहिले, तेवढं माझं चुकलं."

"अशी फोड करून व्रत करत्यात व्हय? मग मी बी पाव सोडला म्हणतो आणि भाजी खातो."

"खा की. संकल्प करताना तुझ्या मनात काय होतं ते तुलाच ठाऊक."

वर्षाराणीनं खरोखरच आठवून पाहिलं. "दोन्ही हुतं," ती नाइलाजानं म्हणाली.

"माझ्या मनात त्या दिवशीचं हसणं होतं. सरूआत्या नव्हती."

"काकू, मी हे निगवेकरांना लिहून कळवू?" अंतरा म्हणाली. "वर्षाराणीनं तुमची कादंबरी पदर घेऊन ऐकली, वर फूल वाहिलं. त्यांचं तोंड बघायला पाहिजे."

"मला नाही बघायचं," वैनी म्हणाल्या. "कार्तिकीपर्यंत तरी."

वर्षाराणी उठली. "तुमचं चालू द्या. मी जातो," म्हणून डबा तिथंच ठेवून ती बाहेर पडली. अंतरा मात्र हलली नाही. उलट मांडी घालून नीट बसली.

"वाच की," अप्पा म्हणाले. "भाऊ उभा हाय तिथं."

वैनींनी बोटानं ओळ शोधली. पण जिन्यावर चपला वाजल्याच नव्हत्या. त्यांनी एक वाक्य वाचलं, तर दाराच्या पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"वर्षाराणी, आत ये."

"नको. पाऊस थांबू दे, मग जातो."

बाहेर गल्लीत लख्ख ऊन पडलं होतं. समोरच्या गच्चीत कुणीतरी गहू वाळत घातले होते. वैनींनी आपलं स्टूल उचललं, दाराशी नेऊन ठेवलं, आणि अजून हाक न मारलेल्या भावापासून, नेहमीपेक्षा थोड्या मोठ्या आवाजात, पुढं वाचायला घेतलं.