धोंड्याच्या महिन्यातला फौजदार

सोलापुरात उन्हाळा चढला की माणसं दोनच कामं करतात. दुपारी दारं लावून झोपतात आणि संध्याकाळी कार्यक्रमाला जातात. एप्रिल लागला की भिंतींना पोस्टरांचा पूर येतो. इकडं एकांकिका स्पर्धा, तिकडं बालनाट्य शिबिर, कुठं ऑर्केस्ट्रा, कुठं भजनी मंडळांची चढाओढ. खेड्यांतल्या जत्रांत तमाशाचे तंबू पडतात, आणि अक्कलकोटच्या पुढं गेलात तर कन्नड नाटकं, जी लवकर संपली तर लोक भांडायला उठतात. बेचाळीस डिग्रीत पंख्याचा गरम वारा खात घरी बसण्यापेक्षा दुसऱ्याची रडकथा बघितलेली काय वाईट, तुम्हीच सांगा!

शुक्रवार पेठेत भांड्यांचं दुकान असलेले प्रभुलिंगअण्णा असे तीस उन्हाळे नाटकात होते. नाटकात म्हणजे नाटकाच्या आत. पेठेतल्या हौशी मंडळाचे ते प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर वही घ्यायची आणि नट अडखळला की हळूच पुढचा शब्द पुरवायचा. शंभरेक नाटकं त्यांना तोंडपाठ होती. पण बोलली सगळी दुसऱ्यांनी. टाळ्याही दुसऱ्यांनीच घेतल्या, हार दुसऱ्यांच्याच गळ्यात पडले. अण्णांना घामोळं तेवढं मिळालं.

त्याचंही त्यांना काही वाटलं नसतं. पण लग्न नवीन असताना बायको ईरम्मा एकदा नाटकाला आली होती. नवी इरकल नेसून पहिल्या रांगेत बसली, तिन्ही अंक डोळ्यांत तेल घालून बघितले आणि घरी आल्यावर तिनं विचारलं, "तुमी कुटं होता?"

अण्णांनी समजावलं. विंग काय असते, प्रॉम्प्टर काय करतो, तो नसला तर नाटक कसं आपटतं. ईरम्मानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे दिसत न्हाय की." त्यानंतर ती पुन्हा कधी नाटकाला आली नाही. ते वाक्य मात्र अण्णांच्या मनात चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं.

आणि या उन्हाळ्यात नशीब उघडलं. मंडळाचं नवं नाटक 'टाकीवरचा नवरदेव' गावोगाव फिरत होतं. भांडखोर नवरा रुसून पाण्याच्या टाकीवर चढून बसतो, असं ते धमाल नाटक. दिग्दर्शक अमृत स्वतःच नवरा व्हायचा. उन्हाळ्याचा शेवटचा प्रयोग तेवढा राहिला होता आणि नेमका त्या दिवशी फौजदाराचं काम करणाऱ्या शिवराजच्या मेव्हण्याचं ऑपरेशन. फौजदाराला वाक्यं चारच.

"अण्णा, तुमीच करा की," अमृत म्हणाला. "वही लागायची न्हाय तुमाला."

अण्णांनी मांडीवरची वही मिटली. चार तर चार! शेवटचा प्रयोग त्यांनीच ठरवला होता, कुठं, तर ईरम्माच्या माहेरी, अक्कलकोटच्या पुढं बेनकनळ्ळीच्या जत्रेत! सासरवाडीच्या सगळ्या लोकांदेखत ते स्टेजवर येणार आणि ईरम्मा त्यांना बघणार. हे गुपित त्यांनी पोटात ठेवलं. तिला म्हणाले, "मंडळाची गाडी तिकडंच चाललीय. तुझ्या माहेरी जाऊन येऊ."

ईरम्माचा चेहरा एवढा फुलला, की अण्णांनाही नवल वाटलं. "भावाशी बोलणं झालंय न्हवं?" तिनं विचारलं.

"केव्हाच," अण्णा म्हणाले. ते खोटं नव्हतं. शिमग्याच्या सुमाराला त्यांनी मेव्हण्याला, शिवलिंगप्पाला, फोन केला होता. जत्रा कधी? तर ज्येष्ठातला पहिला सोमवार, दरवर्षीसारखा. नाटक आणू का? आणा की दाजी, पंचांना सांगून ठेवतो. मग अण्णांनी दुकानातल्या कॅलेंडरवर ज्येष्ठ शोधला, पहिल्या सोमवारावर बोट ठेवलं आणि मंडळाला तारीख सांगून टाकली.

तालमीत मात्र वेगळीच पंचाईत झाली. तीस वर्षं कुजबुजलेला गळा, त्यातून मोठा आवाज निघेना. "थांबा," असं अण्णा इतक्या गुपचूप म्हणायचे, की थांबायचं कुणाला तेच कळायचं नाही. वर दुसऱ्याचं वाक्य आलं की यांचे ओठ हलायचे, आणि फौजदारच आरोपीला जबाब सांगतोय असं दिसायचं.

"अण्णा, फौजदार हाय तुमी, चोर न्हाय!" अमृत डोकं धरून ओरडायचा.

"प्रयोगात येतो बघ आवाज," अण्णा कुजबुजायचे.

सोमवारी दुपारी चारला मिनीबस बेनकनळ्ळीत शिरली. आत नऊ नाटकवाले, अण्णा, ईरम्मा आणि सामानाच्या पेट्या. गावात पाळणे नव्हते, मंडप नव्हता, जिलबीची एक कढईसुद्धा नव्हती. देवळापुढं एक कुत्रं सावली धरून पडलं होतं, त्यानं डोळा उघडला आणि परत मिटला.

"अण्णा, जत्रा कुटं हाय?" अमृतनं विचारलं.

"ऊन लई हाय. माणसं घरात असतील."

"आन् पाळणं बी घरात?"

तोवर बस शिवलिंगप्पाच्या दारात थांबली. बनियनवर बाहेर आलेला शिवलिंगप्पा बहिणीला बघून हसला, दाजींना बघून आणखी हसला, मग एकामागून एक नऊ माणसं उतरायला लागली तसं त्याचं हसू आखडत गेलं. मागून त्याची बायको महेश्वरी धावत आली, तिनं कपाळाला हात लावला.

"अय्यो! महिना लागून दुसराच दिवस, आन् जावई दारात!" असं म्हणून ती जीभ चावून आत पळाली आणि पाण्याची घागर घेऊन आली. "बर्री, बर्री! या, या! पाय पुढं करा दाजी."

आणि अण्णांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अधिक महिना! यंदा ज्येष्ठ दोन होते, आणि हा अधिकातला. अधिकात कोणतं गाव जत्रा भरवतं? जत्रा पुढच्या, खऱ्या ज्येष्ठात, महिन्याभरानं. हा तर धोंड्याचा महिना! लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे वाढायचे, आहेर करायचा, तेहतीस अनारसे द्यायचे. बोलावून, बरं का! आणि इथं जावई न बोलावता, महिना लागल्या लागल्या, नऊ माणसं घेऊन दारात उभा!

गंमत बघा, गेले पंधरा दिवस अख्ख्या सोलापुरातल्या बायका धोंड्यासाठी अण्णांच्याच दुकानातून तांब्याची ताटं आणि पितळी निरांजनं नेत होत्या. अण्णा विकत होते, हसून पिशवीत घालून देत होते. पण डोक्यात चार वाक्यं! कॅलेंडरवर 'ज्येष्ठ'च्या आधी 'अधिक' छापलेलंच होतं, त्याच्यावर त्याच खिळ्याला अडकवलेला झारा लोंबत होता. घरी ईरम्माला एका शब्दानं विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. पण गुपित ठेवायचं होतं ना! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

महेश्वरीनं अण्णांचे पाय धुतले. मग दाढी आणि पोट बघून अमृत कुणीतरी मोठा माणूस वाटला, म्हणून त्याचेही धुतले. मग उरलेल्यांना कसं वगळायचं? सगळ्यांचे धुतले. शेजारच्या चार बायका पदर खोचून आल्या, चुलीवर पुरण चढलं. अण्णांच्या डोक्याला गुलाबी फेटा बांधला गेला, कपाळाला हळदकुंकू लागलं.

अमृतनं त्यांना कोपऱ्यात गाठलं. "जत्रा न्हाय, स्टेज न्हाय. जेवायचं आन् निघायचं. प्रयोग रद्द."

"रद्द?" अण्णांनी विचारलं. पुढच्या महिन्यात शिवराज परत येणार. फौजदार त्याचा. अण्णा पुन्हा स्टुलावर.

एवढ्यात शिवलिंगप्पानं हात धरून त्यांना गोठ्याकडं नेलं. त्याचे डोळे भरले होते. "दाजी, आई गेल्यापासनं हा पहिला धोंडा. येत्या रविवारी मी सोता बोलवायला येणार हुतो. तेवढा बी भरवसा न्हाय व्हय माज्यावर? चार लोकं घेऊन आलात माजी परीक्षा बघायला?"

आता इथं गप्प बसायची सोय होती. मान हलवायची, धोंडे खायचे, आहेर घ्यायचा आणि निघायचं. जावई हावरा म्हणून दोन दिवस गाव हसलं असतं, पण मूर्ख म्हणून हसलं नसतं. अण्णांनी एकदा मेव्हण्याच्या डोळ्यांकडं बघितलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"शिवलिंगप्पा, परीक्षा कसली! मी गाढव हाय," ते म्हणाले, आणि झाऱ्यासकट सगळं सांगून टाकलं.

शिवलिंगप्पा आ वासून बघत राहिला. मग असा हसला, की गोठ्यातली म्हैस बिचकली. पण मागं ईरम्मा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"म्हंजे धोंड्याला न्हाय आणलं मला?"

"न्हाय," अण्णा खाली मान घालून म्हणाले. "नाटक दाखवायला आणलं."

"कुणाचं?"

"माजं."

ईरम्मानं पदर कमरेला खोचला. मग भावाकडं वळून म्हणाली, "शिवू, अंगण झाडून घे. कडब्याच्या गंजीपुढचं बी."

"अगं पण अमृत न्हाय म्हणतोय."

"त्याचे पाय धुतलेत माज्या भावजयीनं. कसा न्हाय म्हणतो बघतेच की मी!"

अमृतचा नकार ताटावरच विरघळला. तुपात बुडलेले धोंडे त्यानं दोन खाल्ले, मग चार, आणि "ऊटा माड्री, जेवा की" असा बायकांचा आग्रह सुरू झाल्यावर मोजायचं सोडलं. हात धुताना तो म्हणाला, "करू. पण मला गंजीवर चढवायला दोन माणसं द्या."

दिवस कलायला लागला तसं अंगण भरलं. जत्रा नसताना नाटक म्हटल्यावर म्हातारीकोतारीसुद्धा पाट घेऊन आली. गंज म्हणजे पाण्याची टाकी, ओसरी म्हणजे घर, बैलगाडी म्हणजे पोलिसांची जीप. ईरम्मा पुढंच बसली, तीच पहिली रांग. नाटक रंगलं. अमृत भांडला, रुसला आणि दोघांच्या खांद्यावर पाय देऊन गंजीवर चढला. वर मऊ कडबा, पोटात धोंडे, अंगावर सांजेचा वारा. खाली त्याच्या बायकोचं काम करणारी काव्या पाच मिनिटं रडली, आणि तेवढ्यात वरचा नवरदेव गाढ झोपला. घोरणं पहिल्या रांगेपर्यंत येत होतं.

आणि फौजदार आले. अंगात खाकी, कपाळाला हळदकुंकू आणि डोक्याला गुलाबी फेटा. टोपी घालायला निघाले होते, पण "आहेराचा फेटा आज काढायचा न्हाय," असं महेश्वरीनं बजावलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी पुढं बघितलं. एवढे डोळे! आणि त्यात ते दोन. त्यांनी तोंड उघडलं.

"थांबा," असं काहीतरी निघालं. काव्यालासुद्धा ऐकू आलं नाही.

गंजीवर अमृत घोरतच होता. तो खाली आल्याशिवाय नाटक पुढं सरकणार नव्हतं, आणि त्याला खाली आणायचं काम फौजदाराचं. अण्णांनी परत तोंड उघडलं आणि शब्दच गेले. चारही वाक्यं गेली. त्यांनी सवयीनं विंगेकडं बघितलं. विंग कुठली, तिथं गोठा होता. आणि असती तरी काय? स्टूल रिकामंच. तीस वर्षं सगळ्यांच्या तोंडात शब्द घालणाऱ्या माणसाला शब्द द्यायला कुणी म्हणजे कुणी नव्हतं.

"थांबा! कुणी जागचं हलायचं न्हाय!"

आवाज खणखणीत होता, पण अण्णांचा नव्हता. पहिल्या रांगेतून ईरम्मा बोलली होती. लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. ते खरंच जागच्या जागी थांबले.

अण्णा तिच्याकडं बघत राहिले. तिनं डोळे वटारले आणि हळू आवाजात, अगदी विंगेत बसल्यासारखं म्हणाली, "ए टाकीवरच्या... बोला की!"

"ए टाकीवरच्या, खाली उतर!"

देवळापुढचं कुत्रं भुंकत उठलं. तीस वर्षांचा साठलेला आवाज होता तो. अमृत दचकून जागा झाला, कूस बदलायला गेला आणि कडब्यासकट घसरत थेट फौजदाराच्या पायाशी आला. अंगण हसून लोळायला लागलं. एक वाक्य अजून राहिलं होतं. फौजदारानं ते अमृतकडं बघून म्हणायचं होतं. अण्णांनी ईरम्माकडं बघून म्हटलं.

"तुझी बायको तुला न्यायला आली आहे!"

टाळ्या कितीतरी वेळ थांबल्या नाहीत. पंचांनी तिथंच उठून सांगितलं, खऱ्या जत्रेत हेच नाटक परत पायजे, आणि फौजदार हाच, फेट्यासकट. शिवराजची सोय काय करायची, याचा विचार अमृत अंगावरचा कडबा झटकत करू लागला.

बसमध्ये मांडीवर तेहतीस अनारशांचा डबा धरून अण्णा ईरम्माजवळ बसले. त्यांना एकच विचारायचं होतं. "तुला पाठ कसं?"

"पाठ न्हाय तर काय! तीस वर्षं दुकानात भांडी पुसताना, जेवताना, झोपेत पुटपुटता की तुमी. तुमची समदी नाटकं पाठ हायत मला. तुमाला वाटलं, मी ऐकतच न्हाय?"

ईरम्मानं त्यांचा कलंडलेला फेटा दोन्ही हातांनी सरळ केला आणि नीट बघून घेतलं.

"आज दिसलात," ती म्हणाली. "आवाज मातुर माजाच मोठा हुता."