माझी पाचर तिच्या दाराला

मी वाळूची पेटी बोलतेय. तळघरातली, खालची. वरच्या मजल्यावर आहे ती वेगळी. तिचा विषय निघणारच, न निघून कुठे जातोय. पण आधी माझं ऐका, कारण आधी मी आले.

ज्या संस्थेत मी आहे तिथे लोक गणितं करतात. दुकानातली नव्हेत, डोंगराची, नदीची, चिखलाची. किती पाऊस झाला की डोंगर सुटतो, सुटलेला डोंगर कुठवर येतो, कुणाच्या दारात जाऊन थांबतो, हे आधीच आकड्यांत मांडून ठेवायचं, हा त्यांचा उद्योग. थोरले सर त्यांचे मुख्य होते. त्यांच्या मनात आलं, कागदावर आकडे चालतात ते ठीक, पण खरी वाळू काय करते ते एकदा डोळ्यांनी बघावं. म्हणून सुतार आला, काचवाला आला, आणि मी झाले. माणूस पाय पसरून निजेल एवढी लांब, दोन्ही अंगांना जाड काच, डोक्यावर भोकं पाडलेल्या नळ्या. माझ्यात ओल्या वाळूचा डोंगर रचायचा, वरून पाऊस सोडायचा आणि काचेला नाक लावून बघत बसायचं.

तळघराची जमीन मोरीकडे उतरती. त्यामुळे मी पहिल्या दिवसापासून डावीकडे कलायची. सुतारानं डाव्या पायाखाली लाकडाची पाचर ठोकली. सरांनी माझ्या पाठीवर पाणसळ ठेवली. पाणसळीतला तो हिरवा बुडबुडा मधोमध येऊन थांबेपर्यंत त्यांनी सुताराला उठू दिलं नाही. मग पाचरीवर पेन्सिलीनं बाण काढून लिहिलं, ‘इकडे’. मी तेव्हा नवी होते. वाटलं, पायात पैंजण घातलं.

ती आली तेव्हा विद्यार्थ्यांत सगळ्यांत लहान होती, म्हणून तिला सगळे धाकटी म्हणायला लागले. पुढे डोक्यात पांढरे केस आले तरी ती धाकटीच. आणि तिच्याआधी वर्षभर आलेला तो दादा. दोघं सरांच्या हाताखालीच वाढली. दादाला ओलं व्हायला आवडायचं नाही. तो लांब उभा राहून विचारायचा, “किती आलं?” ही कोपरापर्यंत बाह्या सारून माझ्यात हात घालायची. तिच्या नखांत माझी वाळू घरी जायची. मला ते फार आवडायचं.

आणि मग वरची आली.

वरची म्हणजे मोठं गणकयंत्र. कपाटांसारखी काळी कपाटं, आत मिणमिणते दिवे. अख्खा डोंगर बारीक त्रिकोणांत कापून ती पोटात घेते म्हणे, आणि प्रत्येक त्रिकोण शेजारच्याला विचारतो, तुझ्याकडून माझ्याकडे किती चिखल येतोय? विचारू दे बापडे. मला त्याचं काही नाही. पण तिला उकडतं म्हणून तिच्यासाठी गार हवेची सोय झाली, आणि त्या हवेचे नळ न्यायला वाट हवी म्हणून मला ढकलून भिंतीला लावलं. तिच्या खोलीत जाताना लोक बुटांवर पिशव्या चढवतात. माझ्याकडे येताना छत्र्या ठेवायला येतात. पाहुणे आले की “चला, यंत्र दाखवतो” म्हणून परस्पर जिना चढवतात. एकदा एका बाईनं खाली डोकावून विचारलं, हे काय आहे? तर बरोबरचा म्हणाला, जुनं आहे. बस्स. जुनं आहे. माझ्या काचा तडकल्या कशा नाहीत, याचंच मला नवल वाटलं.

पण खरं दुखणं पुढे आहे. मला ढकललं, तेव्हा माझ्या पायाखालची पाचर जागेवरच राहिली. नळवाल्यानं ती उचलली, इकडेतिकडे बघितलं, वर नेली आणि वरचीच्या दाराखाली सरकवली. दार आपोआप आपटायचं ना, म्हणून. तेव्हापासून माझी पाचर तिच्या दाराला. मी इथे डावीकडे कललेली, आणि माझं पैंजण घालून ती वर मिरवतेय. सवत म्हणतात ती आणखी काय वेगळी असते?

माझं लंगडणं कुणाच्या ध्यानात आलं नाही. बोटभराचा फरक, डोळ्याला दिसत नाही. सर निवृत्त झाले होते, आणि त्यांच्यामागे पाणसळ ठेवून बघायची सवय कुणालाच नव्हती. फक्त वाळूला कळलं. धाकटी डोंगर रचायची, पाऊस सोडायची, आणि वाळू सरळ खाली न येता डावीकडे वळायची. तिनं पुन्हा रचला, पुन्हा वळली. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, पेटी वाकडी दिसतेय. पण ही शिकलेली माणसं. गोष्ट वाकडी दिसली की त्यांना आधी आनंद होतो. तिनं वाळूचे कण भिंगाखाली धरले. ते सपाट होते, चपटे. तिनं महिनोन्‌महिने गणित मांडलं आणि निष्कर्ष काढला की चपट्या कणांची ओली वाळू घसरताना अंगच्या गुणानंच एका बाजूला वळते.

ते छापून आलं आणि तिचं नाव झालं. कुठकुठली माणसं तिला बोलवायला लागली. ‘धाकटीचं वळण’ असंच लोक म्हणायचे. दादानं ते वळण आपल्या आज्ञावलीत, म्हणजे वरचीला काय करायचं ते सांगणाऱ्या लिखाणात, घातलं. मग वरची रंगीत चित्रं काढायला लागली. तांबडा चिखल, हिरवे डोंगर, सगळे डावीकडे वळणारे. चित्रं भिंतीवर लागली. माझा एक फोटोसुद्धा नाही.

एक मात्र आहे. त्या वळणापायी धाकटी माझ्याकडे जास्त यायला लागली. लंगडी झाले म्हणून ती माझ्यापाशी बसायची. धड असते तर कशाला बसली असती?

तिची आई एकदा तिचं काम बघायला आली होती. तिला आधी वर नेलं, मग खाली आणलं. आईनं माझ्याकडे नीट बघितलं, माझ्यात बोट घालून वाळू चाचपली आणि म्हणाली, “एवढं शिकून हेच? वाळूत तर तू लहानपणीही खेळायचीस, तेव्हा फुकट होतं.” धाकटी हसली. मग आईनं हळूच विचारलं, कायम कधी करणार गं तुला? धाकटी वाळू सारखी करत राहिली.

कारण त्यांच्यातली रीत अशी: शिकून झालं की दोन वर्षं इथे, तीन वर्षं तिथे, अशी हंगामी कामं करायची. प्रत्येक वेळी नवं गाव, नवी खोली, त्याच पुठ्ठ्याच्या खोक्यांतून तेच सामान. धाकटीनं दोनदा हे केलं आणि पुन्हा इथेच हंगामी म्हणून आली. दादाही तसाच. धाकटीचा नवरा दुसऱ्या गावी, मुलगी आजीकडे. मुलीला शाळेत कुणी विचारलं की ती सांगायची, माझी आई पेटीजवळ राहते. आणि आता सरांची जागा भरायची ठरली. एकच जागा. कायमची. बाहेरून समिती येणार, दोघांना विचारणार, एकाला ठेवणार. धाकटीलाच मिळणार, असं जिन्यावर सगळे बोलायचे. दादासुद्धा म्हणायचा, फक्त म्हणताना तो चष्मा पुसायचा.

त्याच सुमाराला रस्तेखात्याचं एक कामही आलं होतं. एका डोंगराच्या पायथ्याशी दोन वस्त्या, एक डाव्या अंगाला, एक उजव्या. पैसे एकाच भिंतीचे. कुठे बांधू, एवढंच त्यांनी विचारलं होतं. वरचीनं वळणासकट हिशेब केला आणि सांगितलं, डावीकडे.

समिती यायच्या आदल्या दुपारी धाकटी खाली आली. पाहुण्यांना पेटी दाखवायची म्हणून मला न्हाऊ घालायला आली होती. इतक्या वर्षांत मला कुणी पूर्ण रिकामं केलं नव्हतं. तिनं सगळी वाळू काढली, काचा घासल्या, पाणी सोडलं, आणि ते आत उभं असताना पाठ टेकायला मागे सरली. मग तिनं बघितलं. डाव्या काचेशी पाणी बोट बुडेल एवढं, आणि उजवीकडे तळ कोरडा.

ती बादली पालथी घालून तिच्यावर बसली. मग उठून सरांच्या जुन्या कपाटातून पाणसळ आणली आणि माझ्या पाठीवर ठेवली. बुडबुडा उजव्या टोकाला जाऊन चिकटला. ती गुडघ्यांवर बसली, माझ्या चारही पायांखाली हात फिरवला. जमिनीवर माझ्या जुन्या जागेच्या खुणा होत्या, चार पायांच्या, आणि डाव्या पायाशी एक चौकोनी डाग. तो डाग ती बोटानं पुसत राहिली. मग एकदम जिन्याकडे गेली. वरचीच्या दारातलं ते लाकूड ती रोज ओलांडत होती, दोनदा त्याची ठेचही लागली होती. आता ते तिनं हातात घेतलं. वर दार धाडकन आपटलं. काय सांगू, माझ्या काचांत गोडवा उतरला. बघ म्हटलं, उघडी पडलीस ना, सगळे तुझे डोंगर लंगडे.

पण ती खाली आली तेव्हा तिचा चेहरा बघितला, आणि माझा गोडवा तिथेच आटला. उघडी पडणार होती ती वरची नव्हेच.

दाराचा आवाज ऐकून मागोमाग दादा आला. तिनं पाचर त्याच्यापुढे धरली. दोन वाक्यांत सांगितलं. त्यानं पाणी बघितलं, पाणसळ बघितली.

“बोटभर तर आहे,” तो म्हणाला.

“हो. आणि सगळं वळण तेवढंच आहे.”

दादा जिन्याच्या पायरीवर बसला. म्हणाला, उद्याचं होऊ दे, मग चार दिवसांनी सांग. जागा तुला मिळाली की चूक म्हणून सांगितलीस तरी कुणी खाणार नाही. उलट प्रामाणिक म्हणतील.

“आणि भिंतीचं?”

“त्यांना मी आजच कळवतो, थांबा म्हणून. कारण सांगत नाही.”

“कारण विचारतील की रे, दादा.”

तो जमिनीकडे बघत म्हणाला, “तू उद्या सांगितलंस तर तू बुडणार आणि मी तरंगणार, कळतंय ना? मी तुला सांगू नको म्हणतोय. माझ्या तोंडून हे निघतंय, म्हणजे बघ. तुझ्या त्या वळणावर किती वर्षं जळलोय मी.”

“घे मग आता,” ती म्हणाली. “फुकट घे.”

दोघंही हसली. हसता हसता तिनं ओल्या हातानं डोळे पुसले आणि तोंडभर वाळू झाली. मला त्या माणसाचा कधी लळा नव्हता, पण त्या दिवशी आम्ही एकाच जातीचे निघालो. जळणारे.

दुसऱ्या दिवशीचं मी पाहिलं नाही, ऐकलं. समितीच्या मुख्य बाईंनी पहिला प्रश्न विचारायच्या आत धाकटीनं पाचर टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. मग म्हणे त्यांनी तिला फार मानानं वागवलं. चहा पुन्हा मागवला. मुख्य बाईंनी हात हातात घेतला. आणि जागा दादाला दिली.

तिला समुद्रकाठच्या एका गावी दोन वर्षांचं काम मिळालं. हंगामी. तिथे नुसतं यंत्र आहे, पेटी नाही. आईला फोनवर तिनं माझ्यापाशी बसूनच सांगितलं. पलीकडून आई काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण धाकटी म्हणाली, “नाही गं आई, कुणी फसवलं नाही. माझंच मोजायचं राहिलं.”

जायच्या दिवशी दोघांनी मिळून मला उचललं. दादानं पहिल्यांदा बाह्या वर केल्या. धाकटीनं पाचर सरकवली, बाण जिकडे होता तिकडे. पाणसळ ठेवली. बुडबुडा डुलला, डुलला आणि मधोमध थांबला. मग तिनं तीच चपट्या कणांची वाळू घेऊन एक डोंगर रचला, पाऊस सोडला. डोंगर सुटला आणि सरळ खाली आला. ना डावीकडे, ना उजवीकडे. काही वेगळं नाही, कुठे छापून येण्यासारखं नाही. ती मात्र बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. त्या घसरणीवरून तिनं नवा आकडा काढला, आणि दोघांनी तो वरचीला दिला. हिशेब पुन्हा झाला. चिखल दोन्ही वस्त्यांना सारखाच भिववणार निघाला. रस्तेखात्यानं कुरकुर केली, पण आता भिंत दोन्हींपुढून जाणार आहे.

आणि मग काय झालं, सांगू? धाकटीनं ती सगळी आज्ञावली यंत्राला खोचतात त्या बोटाएवढ्या काडीत घेतली आणि काडी खिशात टाकली. म्हणजे वरची तिच्याबरोबर निघाली. गावोगाव जाईल, जिथे ही जाईल तिथे. मी जाऊ शकत नाही, मला दारातून काढायचं तर काचा उतरवाव्या लागतील. तेव्हा मी जेवढी जळले, तेवढी पाचर गेली तेव्हाही जळले नव्हते. पुढे कितीतरी दिवसांनी माझ्या ध्यानात आलं, त्या काडीत माझाही एक आकडा आहे. सरळ घसरणीचा. तो नसेल तर वरचीचा एकही त्रिकोण शेजारच्याशी बोलू शकत नाही. तेवढी तर मी गेले.

आता मी इथेच आहे. दादा कायम झालाय आणि टक्कलही पडलंय. वरचीच्या दाराला पितळेची नवी पाचर आणली, चकचकीत. तिला नवं मिळणारच. पाहुणे अजून परस्पर वरच जातात. पण दर सोमवारी दादा खाली येतो, छत्र्या बाजूला करतो आणि माझ्या पाठीवर पाणसळ ठेवतो. बुडबुडा थांबेपर्यंत तिथून हलत नाही. नव्या मुलांनाही त्यानं बजावलंय, या पेटीला हात लावायच्या आधी खाली वाकून पायाकडे बघायचं.

तुम्ही कधी आलात तर तुम्हीही वाका. लाकूड दिसलं म्हणून दाराला नेऊ नका. आणि समुद्रकाठी कुठे, नखांत वाळू असलेली एक बाई भेटली, तर तिला म्हणावं, काळजी करू नको. बुडबुडा मधोमध आहे.