ताटावरचं नाव

विमलाबाई परुळेकरांना साधा बांगडा घ्यायचा म्हटला तरी दहा बांगड्यांचे कल्ले उघडून बघायची सवय. बाजारातली मासेवाली वैतागून विचारी, "बाई, मासो घेतास की सोयरीक जमवतास?" अशा बाईला शाळेने म्हापशाला धाडलं, आणि तेसुद्धा एकच पेटी घेऊन या म्हणून. अर्धा तास झाला तरी त्या दुकानाच्या फळीसमोर उभ्याच होत्या.

सावंतवाडीच्या त्यांच्या मुलींच्या शाळेत सरकारी योजनेतून कॉम्प्युटर आला होता. पडदा मात्र वीतभर. शनिवारी पालकांचा मेळावा, दोनशे माणसं वाकून वाकून काय बघणार? म्हणून व्हिडिओवाल्या बाबूचा मोठा रंगीत टीव्ही मागून घेतला होता. आता कॉम्प्युटरचं चित्र त्या टीव्हीवर न्यायचं तर मध्ये एक पेटी लागते, आणि दुकानात निघाल्या दोन. काळी पेटी टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात जायची. तिच्यात रंग सगळे येत, पण चित्र थोडं फिसकटे. दुसरी पांढरी, तिची वायर टीव्हीच्या व्हिडिओच्या भोकात थेट बसायची. तिच्यात रेघ न् रेघ लख्ख, पण या कॉम्प्युटरच्या नशिबी तिथे नुसतं काळं-पांढरं.

"बाई, पळोवपी कोण?" दुकानदाराने शेवटी विचारलं.

बघणारी कोण, ते विमलाबाईंना चांगलंच ठाऊक होतं. दोनशे माणसं बघणार होती खरी, पण त्यांच्या जिवाला घोर एकीचाच होता. दोडामार्गाकडची काशीबाई. तिची तुळसा नववीत, शाळेच्या बोर्डिंगात राहणारी. सगळ्या शाळेत कॉम्प्युटर जर कुणाच्या हाताला वळत असेल तर तुळसाच्या. आणि काशीबाईचा निरोप आला होता: काजीचा हंगाम लागला, काजू वेचायला घरात माणूस नाही, शनिवारी येते, ट्रंक भरून ठेव. तुळसा रडली नाही. तिने ट्रंक भरली. हंगामाला गेलेली मुलगी पावसाळ्यात परत येते असं त्यांनी सतरा वर्षांच्या नोकरीत एकदाही पाहिलं नव्हतं.

पोरीची करामत आईने डोळ्यांनी बघितली तर कदाचित मन फिरेल, एवढीच आशा. काशीबाईला वाचता येत नाही. मग अक्षरं लख्ख दिसून तिला काय उपयोग? तिला रंग दिसू देत. "काळी द्या," असं म्हणून त्या मोकळ्या झाल्या, आणि परतीच्या वाटेवर बांद्यापर्यंत येईतो त्यांना आपलं चुकलं असं वाटायला लागलं.

शुक्रवारी बाबूच्या टीव्हीला पेटी जोडली. तुळसाने केलेलं काजूचं झाड पडद्यावर आलं. हिरवी पानं, लाल-पिवळी बोंडं, काय ते रंग! खाली तिने आपलं नाव घातलं होतं. चौकटीच्या वहीत चौकोन काळे करून तिने अक्षरं बनवली होती, तेच ठिपके कॉम्प्युटरला शिकवले होते. पण या पेटीतून ते ठिपके एकमेकांत विरघळले होते. नाव कसलं, शेवाळाचा पट्टा!

"चित्र बघतले, बाई," बाबू म्हणाला, "अक्षरां कोण वाचता?"

विमलाबाईंनाही तसंच वाटत होतं. तरी जीव काही थाऱ्यावर येईना.

शनिवारी काशीबाई आली ती थेट बोर्डिंगात जाऊन, ट्रंक स्वतः उचलून, हॉलच्या दाराशी बसली. साडेचारची दोडामार्ग गाडी धरायची होती. चार वाजायला पाच कमी असताना झाड पडद्यावर आलं. पालकांनी टाळ्या वाजवल्या. विमलाबाईंचं लक्ष फक्त दाराकडे. काशीबाई नुसती बघत होती, जत्रेत पाळणा बघावा तशी.

"हे तुमच्या तुळसाने केलंय," विमलाबाई तिच्याजवळ जाऊन म्हणाल्या. "खाली तिचं नावसुद्धा आहे."

काशीबाई उठली, टीव्हीजवळ गेली, वाकून बघितलं. "ह्या माझ्या चेडवाचा नाव न्हय."

"तिचंच आहे हो."

"बाई, माका वाचूक येणा नाय. पण चेडवाचा नाव माका म्हायत आसा." ती ट्रंकेकडे गेली, कपड्यांखालून पितळेचं ताट काढलं. बारशाला मामाने दिलेलं. काठावर तांबटाने ठोकून घातलेलं नाव, एकेक ठिपका सुटा. "चेडू हय येयपर्यंत तेरा वर्सां राखेन घासलंय. रोज बोटाक लागायचा ता. तुमचा ह्या नुसता सारवलेला आसा."

वाचता न येणाऱ्या बाईसाठी म्हणून विमलाबाईंनी रंग घेतले होते, आणि त्या बाईला हवे होते सुटे ठिपके. पांढरी पेटी म्हापशाच्या फळीवर बसली होती. इतका राग त्यांना स्वतःचा कधी आला नव्हता.

काशीबाईने ट्रंकेला हात घातला. "चल गो. गाडी चुकात."

तुळसा हलली नाही. आईच्या हातातलं ताट तिने घेतलं, काठ डोळ्यांजवळ धरून बघितला आणि कॉम्प्युटरसमोर बसली. "बाई, झाड पुसते," म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

चारच्या पुढे काटा सरकत होता. पालक चुळबुळ करायला लागले, कुणी म्हणालं मशीन बिघडलं. बाहेर कुठल्याशा गाडीचा हॉर्न वाजला आणि काशीबाईने पदर खोचला. विमलाबाई पोरीच्या पाठीशी उभ्या राहून मनातल्या मनात देव पाटेकराला गाऱ्हाणं घालत होत्या. हिशेब त्यांना कळला होता: ठिपका बोराएवढा करायचा, दोन ठिपक्यांत मोकळी जागा सोडायची, मग पेटी फिसकटून किती फिसकटेल? पण अक्षर इतकं मोठं झालं की पडद्यावर एका वेळी एकच मावणार. चार वाजून सतरा मिनिटं.

पडदा काळा झाला. मग एकेक पिवळा ठिपका उमटत गेला.

काशीबाई पुढे आली. तिने उजवा हात उचलला आणि टीव्हीच्या काचेवर बोट ठेवलं. काचेतली वीज चुरचुरली तसा तिच्या हातावरचे केस उभे राहिले, तरी बोट काढलं नाही. ठिपक्या-ठिपक्यावरून, ताट घासताना फिरे तसं, ते फिरत गेलं.

"तु," ती म्हणाली.

तुळसाने कळ दाबली. दुसरं अक्षर.

"ळ." आणि मग, जरा घाईने, "सा. सा! माझ्या चेडवाचा नाव." हॉलमध्ये कुणी हसलं नाही. विमलाबाईंना डोळे पुसायलाही सुचलं नाही.

काशीबाई काचेसमोर तशीच उभी होती. "माझा नाव काडशीत?" तिने हळूच विचारलं.

"खंयच्या भांड्यार आसा गो आये? बघून काडतंय."

"खंयच्याच नाय. सगळ्यांर तुझ्या बापाशीचा."

तुळसाने मान खाली घातली. "चार अक्षरां आसत. वहीत आखूक होयी, मगे एकेक ठिपको घालूक होयो. आज जमाचा नाय."

"मगे कधी?"

"पुढच्या शनवारापर्यंत होयत." तुळसाने ट्रंकेकडे बघितलं. "मी हय आसलंय तर."

गाडी दोनदा वाजली. काशीबाईने ताट पदराने पुसलं, ट्रंकेत ठेवलं, झाकण लावलं. मग पायाने ट्रंक लेकीकडे सरकवली.

"ताट हयच ऱ्हवांदे," ती म्हणाली. "रातीक जेवतलंस कशात?" आणि विमलाबाईंकडे न बघताच, जाता जाता म्हणाली, "शनवारी येतंय मी. तोवर काजी मी एकटी येचतंय."