लाल कार्ड

आईचं कपाट रिकामं करायला मी बालवाडीत गेले, तेव्हा मुलं सुटायला अर्धा तास होता. सामान उचलायचं आणि कुणाशी न बोलता निघायचं, असं ठरवून गेले होते.

आई मोठ्या गटाला प्रोग्रॅमिंग शिकवायची. वर्गात कॉम्प्युटर एकही नव्हता. फरशीवर चिकटपट्टीने आखलेले चौकोन, बाणांची कार्डं, आणि यंत्र म्हणून स्वतः आई. तिला शेवटच्या चौकोनात पोचवायला मुलांनी कार्डं ओळीने मांडायची, तिने मुकाट तसंच चालायचं. वळायचं कार्ड राहिलं की ती खुशाल कपाटावर जाऊन आपटायची. "यंत्राला अक्कल नसते रे बाबांनो, ती तुम्ही लावायची!" शेवटी लाल कार्ड: थांब. ते मिळेपर्यंत ती पावलं टाकत राहायची, गुडघे दुखत असले तरी.

मी खोक्यात कार्डं भरत होते. मागून कुणीतरी बाही ओढली.

"चिमणे, इकडे ये," सेविका मावशी म्हणाल्या. "ताईंना त्रास देऊ नकोस."

चिमणी हलली नाही. "तू यंत्रबाईंची मुलगी ना?"

"हो."

"त्या दिवशी घंटा झाली आणि मी पळाले. लाल कार्ड माझ्याकडेच राहिलं." तिने ते दप्तरातून काढलं. कोपरे चावून मऊ झाले होते. "बाई अजून चालतायत का? दमल्या असतील ना?"

"अगं, बाई आता नाहीत, किती वेळा सांगायचं तुला!" मावशी म्हणाल्या.

"म्हणजे लांब गेल्या. मी थांब दिलं नाही म्हणून."



आई त्याच संध्याकाळी कोसळली होती. नऊ दिवस तिचा श्वास यंत्रावर चालला. दहाव्या दिवशी डॉक्टरांनी कागद पुढे केला आणि यंत्र बंद करायची सही मी केली. त्या सहीबद्दल नंतर मी कुणाशी बोलले नव्हते.

मी चिमणीसमोर फरशीवर बसले. "बाई चालत नाहीयेत. थांब मी दिलं त्यांना."

"तुझ्याकडे पण लाल कार्ड होतं?"

"होतं."

तिने जरा विचार केला. "पण त्या पोचल्या होत्या का? पोचायच्या आधी थांब दिलं की बाई चूक धरायच्या."

मला माहीत नव्हतं.

"पोचल्या होत्या," मी म्हणाले.

तिने कार्ड माझ्या खोक्यात टाकलं आणि चपला शोधायला पळाली.